मेगापिक्सेल राहू द्या, आधी घड्याळ बघा

सोसायटीत कॅमेरे बसवायला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: किती मेगापिक्सेल? दुसरा: रेकॉर्डिंग किती दिवस राहील? सगळ्या कॅमेऱ्यांत वेळ एकच दिसेल ना, असं मला आजवर एकाही चेअरमननी विचारलेलं नाही. आणि चोरी झाली की हवालदार पहिल्यांदा वेळच विचारतो.

मागे एका सोसायटीतून स्कूटर गेली. पार्किंगच्या कॅमेऱ्यात पोरगा ती ढकलत निघाला तेव्हा 2 वाजून 14 मिनिटं. गेटच्या कॅमेऱ्यात तीच स्कूटर 2 वाजून 9 मिनिटांनी बाहेर पडलेली. म्हणजे आधी गेली, मग निघाली! वॉचमनच्या रजिस्टरात तिसरीच वेळ. चित्र मात्र इतकं स्वच्छ की पोराच्या शर्टाच्या चौकड्या मोजून घ्याव्यात. ‘‘अहो, यातली खरी वेळ कुठली धरायची?’’ सेक्रेटरी मलाच विचारत होते.

प्रत्येक आयपी कॅमेऱ्याचं आपापलं घड्याळ असतं. ते दिवसाला दीड-दोन सेकंद चुकलं तरी वर्षात दहा मिनिटं होतात. लाइट गेली आणि रेकॉर्डरमधला बटणासारखा सेल संपलेला असला, तर तारीख 2000 सालात नाहीतर 1970 मध्ये जाऊन बसते. काही माल बीजिंगची वेळ घेऊनच येतो, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. बसवणारा घाईत असला की ती तशीच राहते.

उपाय फुकट आहे. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर भारताची प्रमाणवेळ राखते आणि तिचा सर्व्हर सगळ्यांना खुला आहे. रेकॉर्डरच्या एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायच्या, सेटिंगमध्ये त्याचा पत्ता टाकायचा. रेकॉर्डरनं तिथून वेळ घ्यायची, कॅमेऱ्यांनी रेकॉर्डरकडून. इंटरनेट द्यायचं नसेल तरी निदान कॅमेरे रेकॉर्डरशी जुळवा. सगळे मिळून दोन मिनिटं चुकले तर तपासात निभावून जातं, आपापसांत चुकले की सगळंच बोंबललं.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे कोर्टात फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला ओळख-आकडाही द्यावा लागतो. पण फाइलमध्ये नंतर कुणी हात घातला नाही, एवढंच हॅश सांगतो. मुळात चुकीची पडलेली वेळ त्यानं बरोबर होत नाही.

चोरी झालीच, तर घाईघाईनं घड्याळ दुरुस्त करायला जाऊ नका. स्क्रीनशेजारी एक मोबाइल वेळ दिसेल असा धरा, दुसऱ्यानं फोटो काढा. कुठला कॅमेरा किती पुढे, किती मागे ते लिहून ठेवा, फुटेज काढून घ्या आणि मगच सेटिंगला हात लावा. पुढच्या वार्षिक देखभाल करारात (एएमसी) ‘दर महिन्याला सर्व कॅमेऱ्यांची वेळ जुळवणे’ ही ओळ घालून घ्या. त्याचे वेगळे पैसे आमच्यापैकी कुणी मागितले, तर देऊ नका.