दार एक असो, किल्ल्या अनेक हव्यात

सरकारी सेवांसाठी एकाच खात्यातून प्रवेश देण्याची कल्पना मुळात वाईट नाही. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरून दिवसाचा रोज बुडवून निघालेल्या बाईला प्रत्येक कचेरीच्या दारात नव्याने ओळख पटवावी लागू नये, हे कोणाही समाजवाद्याला मान्यच आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘मेरी पहचान’ ही व्यवस्था सुरू केली, ती हेच कारण सांगून.

परंतु अशा व्यवस्थेत एक यंत्रणा माणसाची ओळख पटवते आणि बाकी सर्व तिचा शब्द प्रमाण मानतात. पूर्वी एका खिडकीवर नकार मिळाला तरी दुसरी उघडी असे. आता एका जागचा नकार सर्वत्र नकार ठरू शकतो. म्हणून त्या एका जागी ओळख कशाने पटवायची, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. तो राजकीय आहे.

साधने मुख्यतः तीन. पासवर्ड चोरीस गेला तर बदलता येतो. पण फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराच्या वहीत तो सहज जाऊन बसतो. ओटीपीसाठी फोन स्वतःचा आणि क्रमांक चालू हवा. रिचार्जअभावी बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्याच्या हाती जातो. बोटाचा ठसा विसरण्याची भीती नाही. पण धुणीभांडी करणाऱ्या व सिमेंट कालवणाऱ्या हातांवरून तो झिजतो. आणि त्याची नक्कल झाली, तर नवे बोट आणायचे कोठून?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. स्त्रीच्या आधारवरील ओटीपीबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागण्यात आला. कुटुंबाचे उत्पन्न तपासण्याचा हेतू असेलही. पण दरमहा दीड हजार रुपयांच्या हक्काची किल्ली त्यामुळे पुरुषाच्या खिशात गेली. विधवा व घटस्फोटित स्त्रियांची सोय नंतर करावी लागली. ज्यांनी साधन निवडले, त्यांच्या डोळ्यांसमोर त्या नव्हत्याच, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

मग गैरव्यवहार रोखायचा नाही काय? अवश्य रोखावा. एका चोरलेल्या किल्लीने सर्व दारे उघडत असतील, तर लुबाडला जाणारा गरीबच असेल. म्हणून बंदोबस्त जोखमीच्या प्रमाणात हवा. अर्जाची स्थिती पाहण्यास एक पुरावा पुरेसा आहे. बँक खाते किंवा मोबाइल क्रमांक बदलताना दोन हवेत. साधन कोणते, हे नागरिकाने ठरवावे. आणि सर्व साधने फसली, तर कागदपत्रे पाहून सही करणारा जबाबदार माणूस खिडकीत असलाच पाहिजे.

ही भीक नव्हे. प्रमाणीकरण फसले म्हणून कोणाचा लाभ नाकारला जाणार नाही, अशी ग्वाही सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिली होती आणि २०१८ च्या आधार निकालात तिची नोंद आहे.

मृणालताई गोरे यांच्याबरोबर लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया याच उपनगरांतल्या होत्या. आज अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड प्रत्येक वस्तीत कार्यकर्त्यांनी वही घेऊन बसावे. कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने परत पाठवले, ते लिहून घ्यावे आणि प्रत्येक नकाराचे लेखी उत्तर शिधावाटप कार्यालयात व तहसील कचेरीत मागावे. यंत्राचा नकार कागदावर आला, की त्याला जबाबदार असलेला माणूस शोधता येतो.