तळ्यापासून दूर तळ

सध्या पोस्टिंग म्हैसूरला आहे, एनसीसीच्या पोरांना शिकवायला. त्यातले बरेच दिवस हुणसूर तालुक्यात जातात. हे गावाकडच्या दोस्तांना कळल्यापासून दर आठवड्याला कुणी ना कुणी फोटो पाठवतो : चीडाचं जंगल, डोंगरातलं छोटं तळं, काठाला लागून तंबू, समोर शेकोटी. खाली प्रश्न, "तुझ्याकडे असं काही आहे का? चार जण येतो."

चीड इथे नाही. साग आहे, बांबू आहे, निलगिरी आहे. कोडगूच्या बाजूला सरकलं की कॉफीच्या मळ्यातले सिल्व्हर ओक लागतात. तळी मात्र गावागणिक. कन्नडमध्ये केरे म्हणतात. तरीही माझं उत्तर ठरलेलं आहे : या, पण काठावर तंबू टाकायचा नाही. इथे नाही, चीडाच्या जंगलात नाही आणि आपल्या सह्याद्रीतही नाही.

फौजेत तळ ठोकताना आधी पाणी कुठे ते बघतात आणि लगेच तंबू पाण्यापासून किती लांब ते ठरवतात. वाहत्या पाण्यात सगळ्यात वर पिण्याची जागा, त्याखाली जनावरांची, त्याखाली धुण्याची. संडास पाण्यापासून दूर, उताराच्या अंगाला. ही शिस्त कुणाच्या आवडीनिवडीतून आलेली नाही. जुन्या फौजांमध्ये गोळीपेक्षा हगवणीने आणि पटकीने जास्त माणसं नेली, त्यातून आली. हुणसूरला तर हे वेगळं सांगायला नको. तोफा ओढणारे म्हैसूरचे प्रसिद्ध अमृतमहल बैल कंपनीच्या काळात इथे सांभाळले जायचे. 1803 मध्ये वेलस्ली आपल्या असईपर्यंत धडकला तो या जातीच्या बैलांच्या जोरावर.

आता इथल्या जनावरांचं बघू. तालुक्याच्या अंगालाच नागरहोळेचं जंगल. दसऱ्याचे हत्ती म्हैसूरला निघतात ते याच तालुक्यातल्या वीरनहोसहळ्ळीहून. ते पाळलेले. रानातले हत्ती निघतात तेव्हा ढोल वाजत नाहीत. मोठा हत्ती दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी पितो, आणि उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटले की कबिनी धरणाच्या फुगवट्याकडे कळपच्या कळप उतरतात. जंगलालगतच्या गावतळ्यांवर ते रात्री येतात, कारण दिवसा तिथे माणसं असतात. म्हणजे पाळ्या आधीच वाटलेल्या आहेत. आपण काठावर झोपतो तेव्हा त्यांची पाळी खातो. तहानलेला कळप मग दुसऱ्या वाटेने जातो, आणि ती वाट कुणाच्या तरी नाचणीतून किंवा केळीतून जाते. आपण रविवारी घरी. शेतकरी तिथेच.

शेकोटीचं तर मला अजिबात पटत नाही. उत्तराखंडात राहिलेल्या कुठल्याही जवानाला पिरूल विचारा. चीडाच्या वाळलेल्या सुया, पायाखाली गादीसारख्या आणि आत राळ. एक ठिणगी पुरते. एप्रिल 2024 मध्ये नैनितालच्या बाजूला जंगलं पेटली तेव्हा हवाई दलाचं एमआय-17 भीमतालच्या तळ्यातून पाणी उचलून ओतत होतं. फेब्रुवारी 2019 मध्ये तसंच हेलिकॉप्टर बंदीपूरला आणावं लागलं होतं, इथून कबिनीच्या पलीकडे. तिथे चीड नव्हता. उन्हाने कडक झालेली घाणेरी आणि वाळका पाला होता. फोटोतली शेकोटी छान दिसते, मान्य. पण ती विझली की नाही हे बघायला दुसऱ्या दिवशी फोटोवाला तिथे नसतो.

यावर पवना धरणाकडचा माझा एक जुना साथी चिडतो. म्हणतो, "साहेब, जमीन धरणात गेली. आता काठावर चार तंबू लावून पोरं पोटाला लागली, तर तुम्ही तेही बंद करा." त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि मला तो धंदा बंद व्हायला नकोच आहे. ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याचा त्या पाण्यावर पहिला हक्क. पण गिऱ्हाईक डीजेसाठी येतं की पाण्यासाठी, हे त्यानेच मला सांगावं. तंबू दोनशे पावलं मागे घेतला, स्पीकर बंद ठेवला, तर पैसे कमी का पडावेत? भंडारदऱ्याला काजवे बघायला गर्दी जाते आणि गाड्यांच्या दिव्यांनी काजवेच झाकून टाकते. तिथेही गावाची कमाई काजव्यांवर आहे, दिव्यांवर नाही. काजवे गेले तर तंबू भाड्याने घेणार कोण?

आमच्या पोरांनाही काठावरच राहायचं होतं. तंबू लागले गावच्या शाळेच्या मैदानात, स्वयंपाक गॅसवर, नऊला दिवे बंद. सकाळी सहाला रांगेत, न बोलता तळ्यावर नेलं. धुकं होतं. काठाच्या चिखलात परातीएवढे ठसे होते, त्यांच्या मधोमध पिलाचे छोटे, आणि त्या ठशांत अजून पाणी झिरपत होतं. बावीस पोरं होती, दहा मिनिटं एकाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. मग एकाने हळूच विचारलं, "सर, उद्या पाचला यायचं का?"