हरणाचे भाडे

पहाटे साडेपाचला तंबूच्या दाराशी कोणीतरी हळू आवाजात हाक मारली आणि कॉफीची किटली व बिस्किटे ठेवून निघून गेले. मी जागाच होतो. आदल्या रात्री पांघरुणात काहीतरी ऊबदार, मऊ पायाला लागले म्हणून सौ. किंचाळून उठली होती. कंदिलाच्या उजेडात पाहिले तर ती गरम पाण्याची पिशवी! मसाई मारा समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, रात्री चांगलीच थंडी पडते. म्हणून पाहुण्यांची अंथरुणे आधीच ऊबदार करून ठेवण्याची तिथली रीत. चाळीस वर्षे हिंगोलीच्या शाळेत खडू झिजवलेल्या माणसाच्या नशिबी असले लाड यायचे होते!

लेक आणि जावई नोकरीनिमित्त केनियात, नैरोबीला आहेत. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतले आणि "बाबा, किंमत विचारायची नाही" असे बजावून दोन रात्रींसाठी एका लॉजवर नेले. किंमत मी अर्थातच विचारली. जी कळली ती इथे लिहीत नाही. आमच्या लग्नाचा खर्च त्यात कितीदा बसला असता याचा हिशेब सौ.ने तिथेच करून टाकला होता. एवढे सांगतो की शेजारच्या राखीव अभयारण्यात नुसते पाऊल ठेवायचे तर जुलै ते डिसेंबर या हंगामात परदेशी प्रौढ माणसाला दिवसाला २०० डॉलर मोजावे लागतात. राहणे-खाणे वेगळे.

तंबू म्हणायचा, पण आत शिसवी पलंग, न्हाणीघरात टब, समोर नदी आणि नदीत पाणघोड्यांचे घोरणे. अंधार पडल्यावर जेवणाच्या मांडवापर्यंत एकट्याने जायला बंदी. हातात भाला घेतलेला मसाई सोबतीला येई आणि परत सोडून जाई.

सफारी हा शब्द आपल्याला साहेबी वाटतो. पण तो स्वाहिली आहे, त्याचा साधा अर्थ प्रवास, आणि मूळ अरबी 'सफर'. निजामाच्या राजवटीत वाढलेल्या आमच्या आजोबांच्या तोंडी तो शब्द रोजचा होता. तिथे दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी' म्हणतात, चपातीला चपातीच म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोंबासापासून रेल्वे टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर गेले, व्यापारी तर त्याआधीपासून जात होते. तेव्हा परकेपणा थोडा कमी झाला. पण खरा धक्का पुढेच होता.

उजाडले, गाडी चढावरून वर आली आणि समोर दूरवर पिवळे गवत पसरलेले दिसले. मधूनच एखादे छत्रीसारखे काटेरी झाड. सौ. माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, हा तर आपला माळ!"

आणि तो आपला माळच होता. जंगल नाही, वाळवंटही नाही. खाली गवत आणि विरळ झाडे, याला जग सवाना म्हणते. आपण माळरान म्हणतो. तिथली काटेरी झाडे आपल्या बाभळी-हिवराच्या नात्यातली आहेत. आपल्या बाभळीच्या तर शास्त्रीय नावातच नाईल नदी आहे, कारण ती दोन्ही खंडांची रहिवासी. फरक एवढाच की त्या माळावर दहा लाखांहून अधिक गवे-हरणे, ज्यांना विल्डबीस्ट म्हणतात, सेरेंगेटीकडून चरत चरत येतात. त्यांच्यामागे सिंह येतो आणि सिंहामागे आमच्यासारखे कॅमेरेवाले.

आमचा वाटाड्या तिशीतला मसाई तरुण होता. दुपारी झाडाखाली डबे उघडल्यावर त्याने मला विचारले, "तुमच्या गावाकडे कोणती जनावरे आहेत?" मी सांगितले : काळवीट आहे, रोही आहे, रानडुक्कर आहे, लांडगा आहे, डोंगराच्या बाजूला कधीमधी बिबट्याही येतो. त्याचे डोळे चमकले. "मग तुमच्याकडे लॉज किती आहेत?"

सौ.ला हसू आवरेना. मला मात्र हसू आले नाही. सेनगावकडच्या आमच्या शेतात माझा धाकटा भाऊ त्या वेळी काय करत असेल ते मला दिसत होते. ऑगस्ट म्हणजे मूग-सोयाबीन भरात आलेले. भाऊ रोज रात्री जागलीला जातो. एक बॅटरी, एक पत्र्याचा डबा, एक काठी. हरणांचा कळप एकदा पिकात शिरला की खातो थोडे आणि तुडवतो फार. रोही तर म्हशीएवढे धूड, कुंपणाला जुमानत नाही.

मग त्या तरुणाने त्याच्या घरची गोष्ट सांगितली. आम्ही राहत होतो ती जमीन सरकारी अभयारण्याची नव्हतीच. ती मसाई कुटुंबांची. एके काळी सामाईक असलेली चराऊ राने वाटून लोकांच्या नावावर झाली, तेव्हा भीती होती की जो तो कुंपण घालील किंवा नांगरून गहू पेरील. २००५ च्या सुमारास काही कुटुंबांनी वेगळा मार्ग धरला. शेजारशेजारच्या जमिनी एकत्र करून त्यांनी त्या लॉजवाल्यांना भाड्याने दिल्या. अटी अशा : कुंपण नाही, नांगर नाही, गुरे चारायची ती पाळी लावून. बदल्यात एकराच्या हिशेबाने ठरलेले भाडे. सिंह दिसो न दिसो, तंबू भरो न भरो, पैसे त्याच्या वडिलांच्या खात्यावर येतात. अशी राखीव राने आता डझनाहून अधिक झाली आहेत.

मी शिक्षक माणूस, दुसरी बाजू विचारल्याशिवाय कसा राहीन? त्याने तीही लपवली नाही. २०२० मध्ये करोनाने पाहुणे थांबले आणि भाड्यालाही कात्री लागली. त्याच्या घरी तेव्हा गाई विकाव्या लागल्या. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला भाडेही नाही. दुष्काळात गवत समोर दिसते, पण पाळी नसेल तर गुरे आत सोडता येत नाहीत. त्यातून इंग्रजांनी १९०४ आणि १९११ च्या करारांनी मसाईंची उत्तम कुरणे हिरावली होती, तो सल आजही गेलेला नाही. तेव्हा वाचकहो, तिथे रामराज्य आहे असे मी सांगणार नाही. पण एक गोष्ट तिथल्या माणसाला पक्की ठाऊक आहे : हरीण जगवायला पैसे लागतात आणि ते ज्याचे गवत हरीण खाते त्याला मिळायला हवेत.

रात्री जेवणाच्या मांडवात फोनला रेंज मिळाली. भाऊ जागलीला निघण्याच्या बेतात होता. मी उत्साहाने सगळे सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "हरणं बघायला एवढे पैसे मोजलात व्हय? इथं आला असता तर फुकटात दाखवलो असतो की." आणि थोड्या वेळाने, "अन् तिथं हरणाचं भाडं देतेत म्हणता. आमच्याकडं कोण देणार?"

या प्रश्नाने माझी पुढची झोप उडवली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला सर्वांत कडक संरक्षण दिले, आणि ते योग्यच झाले. चित्ता आपण १९५२ मध्ये देशातून नामशेष झाल्याचे जाहीर केले. त्याआधी आपल्या कोल्हापूरच्या दरबारात आफ्रिकेतून चित्ते आणवून काळविटांची शिकार होत असे. तो काळ परत नको. पण कायद्याने हरीण सरकारचे झाले आणि चारा मात्र शेतकऱ्याच्या शिवारातला राहिला. नुकसानभरपाई आहे, त्यासाठी अर्ज, पंचनामा आणि कागदपत्रे आहेत. अर्धा एकर मूग गेलेला माणूस हेलपाट्यांचा खर्च मोजतो आणि बहुधा घरीच बसतो. त्याच्या मनातला राग मग हरणावर निघतो.

दुसरे, माळ म्हणजे पडीक, ही आपली समजूत. इंग्रजांच्या महसुलाला ज्यातून सारा मिळत नव्हता ते पडीक. आपण तो शब्द तसाच पुढे चालवला. माळ दिसला की खड्डे खणून झाडे लावायची, नाहीतर कुठल्या तरी प्रकल्पाला देऊन टाकायचा. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासून दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातली माळराने जंगलतोडीतून झालेली नाहीत. निदान साडेसातशे वर्षे ती माळरानेच आहेत. म्हणजे आमच्या नर्सीच्या नामदेवांच्या काळापासून! लाल कंधारी गाय, मेंढरे, लांडगा, माळढोक हे सगळे त्याच गवतावर वाढले.

माळाला किंमत येऊ शकते, हे आमच्या जिल्ह्याला नवे नाही. औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा होते आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. अशा यंत्राला हवी असते ती निवांत, न थरथरणारी जमीन. आम्ही ज्याला 'तिथं काहीच नाही' म्हणत होतो, ते 'काहीच नाही' शास्त्रज्ञांना मोलाचे वाटले.

म्हणून हिंगोलीत टबवाले तंबू उभारा, असे मी म्हणत नाही. पुणे जिल्ह्यात इंदापूर-बारामतीकडे वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे, गावातलीच मुले वाटाडे आहेत. औंढ्याला देशभरातून भाविक येतात. त्यातल्या दहा घरांनी जरी एक रात्र शेतकऱ्याच्या ओसरीवर मुक्काम केला, ज्वारीची भाकरी खाल्ली आणि पहाटे काळविटांचा कळप पाहिला, तरी सुरुवात होईल. मात्र ते पैसे ज्याच्या शिवारात कळप चरतो त्याच्या हातात पडले पाहिजेत. आणि जिथे पाहुणा येणार नाही, तिथे भरपाई हंगाम संपण्याआधी पोचली पाहिजे. ती दया नव्हे, ते भाडे आहे.

परत आल्यावर, हरभऱ्याच्या दिवसांत, एका रात्री मी भावाबरोबर जागलीला गेलो. बाराच्या पुढे बांधापलीकडे हिरवट डोळे चमकले. वीस-पंचवीस असतील, पुढे शिंगांचा काळवीट. भावाने डबा उचलला, पण वाजवला नाही. "बघून घ्या," तो म्हणाला, "मग वाजवतो." आम्ही दोघे बराच वेळ बघत उभे राहिलो. तेवढ्या वेळात किती हरभरा गेला, हे त्याने मला सांगितले नाही.