वानर ‘पाणी’ का म्हणत नाही?



विष्णुपुरीच्या धरणाकडून कधी कधी वानरांची टोळी आमच्या शाळेच्या लिंबावर येते. त्या दिवशी शिकवणं बंद! सगळा वर्ग खिडकीला. मागच्या महिन्यात असंच झालं. खाली कुत्रं आलं, तसा वरचा हुप्प्या ‘खॅक् खॅक्’ ओरडला आणि पिल्लं सरसर शेंड्याला गेली. चौथीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, वांदराला इतकं कळतंय, मग ते बोलत काऊन नाही?” मी उत्तर देणार, तोच तो हळूच म्हणाला, “आमच्या आबालाबी कळतंय वाटते. पण बोलता येईना. लोक म्हणतेत, येडे झाले.”

आबांना लकवा झाला होता. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. मी म्हटलं, थांब, तुझे दोन्ही प्रश्न एकाच घरचे आहेत.

पूर्वी वाटायचं, माकडाचा घसाच बोलण्याजोगा नाही. 1947 च्या सुमारास अमेरिकेत हेज नावाच्या जोडप्याने व्हिकी नावाचं चिंपांझीचं पिल्लू लेकरासारखं घरात वाढवलं. कित्येक वर्षं खपल्यावर ते चारच शब्द शिकलं, तेही घोगरे : मामा, पापा, कप, अप. पण 1966 पासून वॉशू नावाच्या चिंपांझीला कर्णबधिरांची हाताच्या खुणांची भाषा शिकवली, तर ती शंभरावर खुणा शिकली. (खुणा जोडून ती खरोखर वाक्य करायची का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.) आणि 2016 साली तर गंमतच झाली. माकडाची जीभ, ओठ, घसा कसे हलतात हे एक्स-रेने टिपून शास्त्रज्ञांनी संगणकावर तसाच घसा तयार केला आणि त्यातून ‘माझ्याशी लग्न करशील का?’ हे वाक्य इंग्रजीत काढून दाखवलं! वर्गात इथे पाच मिनिटं नुसता हशा. म्हणजे पेटी ठीकठाक आहे, वाजवणारा हवा. तो वाजवणारा बसतो मेंदूत.

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण 1350 ग्रॅम भरतो, चिंपांझीचा 400 च्या आसपास. पण नुसत्या वजनावर जाऊ नका. हत्तीचा मेंदू आपल्यापेक्षा कितीतरी जड असतो. खरी गोष्ट आहे रस्त्यांची.

ओरडण्याचा रस्ता फार जुना आहे. तो मेंदूच्या खोल भागातून निघतो. भीती वाटली, राग आला, की आवाज आपोआप बाहेर. हुप्प्याचं ‘खॅक्’ याच वाटेने येतं. ते काही फुकटचं नाही हं! मेळघाटात, ताडोबात वानर असं ओरडलं की चितळंही कान टवकारतात. वाघ-बिबट्या जवळ आहे हे त्यांना कळतं. पण वाघ नसताना कालच्या वाघाची गोष्ट सांगणं वानराला जमत नाही.

माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यानंतर कधीतरी माणसात दुसरा रस्ता मोठा झाला. मेंदूच्या वरच्या थरातून थेट स्वरयंत्राच्या नसांपर्यंत. माकडात हा थेट रस्ता जवळजवळ नाहीच, चिंपांझीत आहे पण पांदीसारखा, आणि माणसात मात्र चांगली डांबरी सडक! म्हणून आपण ठरवून, शिकून, हवा तो आवाज काढतो. जुनी पांद मात्र बुजली नाही. पायाला ठेच लागली की ‘आई गं!’ कोण विचार करून म्हणतं?

आता आबा. 1861 साली पॅरिसजवळच्या एका इस्पितळात एक रोगी होता. त्याला सांगितलेलं बरंचसं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, ‘तां’. तो वारल्यावर डॉक्टर ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात इजा झालेली होती. बोलण्याचं काम एकट्या त्याच जागेचं नाही, हे आता कळलंय. पण बहुतेकांच्या बोलण्याचा कारभार डाव्या मेंदूत चालतो हे खरं. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणून आबांचा उजवा हात आणि बोलणं दोन्ही एकदम गेलं. सडक तुटली. आबा येडे झाले नाहीत.

(पालकांसाठी : तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर झाडपाला आणि मांत्रिकात वेळ घालवू नका. मेंदूत गुठळी झाली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तेव्हा थेट मोठा दवाखाना गाठा.)

दुसऱ्या दिवशी पोरगा धावतच आला. “बाई, आबा बोलत नाहीत, पण रात्री भजनात ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ पूर्ण म्हणले!” घरचे चमत्कार म्हणत होते. चमत्कार नाही रे बाबा. लहानपणापासून घोळलेलं भजन, मोजणी, शिव्यासुद्धा, बऱ्याचदा अशा आजारात शाबूत राहतात. त्यांच्या वाटा पुष्कळशा वेगळ्या असतात. डॉक्टर या सुराचाच आधार घेऊन बोलणं पुन्हा शिकवतात.

मग आम्ही वर्गात पुठ्ठ्याची चित्रं केली : तांब्या, च्याची कपबशी, चादर, काठी. आबा बोट ठेवतात, नातू चालीवर शब्द म्हणतो आणि गप्प बसून वाट बघतो. वाट बघणं त्याला सगळ्यात जड जातं, तो मध्येच स्वतः सांगून टाकतो.

परवा आबांनी तांब्यावर बोट ठेवलं आणि ‘पा’ म्हणाले. ‘णी’ अजून यायचं आहे.

तुमच्या बाई