पाणबुडीचा कारखाना कोणी बुडवला?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण छाती फुगवून सांगतो. मग दिल्लीने त्या जर्मनीशी केलेल्या सौद्याचा जाब परभणीने का मागू नये? खताच्या पोत्यावर आणि डिझेलवर आमचा कापूसवाला कर भरतो. पाणबुड्या त्याच तिजोरीतून येतात!

1981 मध्ये एचडीडब्ल्यू या जर्मन कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या त्यांच्या कील बंदरात बांधायच्या, दोन मुंबईच्या माझगाव गोदीत. आमचे कारागीर हे अवघड काम शिकले. 1992 मध्ये ‘शाल्की’ आणि 1994 मध्ये ‘शंकुल’ त्यांनी नौदलाच्या हवाली केल्या. आणि पुढे? पुढे शून्य! 1987 मध्ये या करारात दलालीचा आरोप झाला होता. त्यावरून सरकारने पुढच्या दोन पाणबुड्यांवर पाणी सोडले. दलाली खाणाऱ्याला फासावर लटकवा, आम्ही टाळ्या वाजवू. पण गुन्हा कोणावरही शाबीत झाला नाही. शिक्षा भोगली ती गोदीतल्या शिकलेल्या हातांनी. माझगावची पुढची पाणबुडी ‘कलवरी’ नौदलात आली 2017 साली, फ्रेंच आराखड्यावर, पुन्हा श्रीगणेशा गिरवून. 23 वर्षे मातीत घातली!

त्याच 1987 मध्ये दक्षिण कोरियाने त्याच कंपनीकडून त्याच जातीची पाणबुडी घेतली. पहिली कीलमध्ये बांधून घेतली, मग आपल्या गोदीत एकामागून एक बांधल्या. 2011 मध्ये तीन पाणबुड्या इंडोनेशियाला विकण्याचा करार केला! आणि आम्ही? 2025 मध्ये सहा पाणबुड्यांसाठी पुन्हा जर्मनांशी वाटाघाटीला बसलो!

परदेशी आराखडा घेणे पाप नाही. कोरियानेही तोच घेतला. शिकलेले काम बंद पाडणे हे पाप आहे आणि त्यात काँग्रेस, तिसरी आघाडी, भाजप असे सगळेच वाटेकरी आहेत. 1999 मध्ये 30 वर्षांत 24 पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर झाली. त्या कागदाचे काय केले, हे एकाही संरक्षणमंत्र्याने गावोगावच्या करदात्याला येऊन सांगितलेले नाही.

आता प्रश्न या नव्या कराराचा. परभणीच्या खासदारांनी लोकसभेत उभे राहून सरकारला विचारावे: सहावी पाणबुडी पाण्यात उतरेल त्या दिवशी सातवीचे पोलाद माझगावात कापायला घेतलेले असेल काय? आम्हाला समिती नको, निवेदन नको. हो की नाही, एवढेच सांगा!