हेड -१७

परवा शनिवारी माळ्यावरचा खोका उपसताना बाबांच्या जुन्या गाडीतली सीडी सापडली. वर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलंय, 'बाबा - गाडी - १'. '२' लिहिलेली सीडी खोक्यात नव्हती, कारण ती मी कधी केलीच नाही.

गोष्ट २००७ सालची. बाबांनी घरच्या कॉम्प्युटरवर विनॅम्पमध्ये बसून बावीस गाण्यांची प्लेलिस्ट केली होती. माणिक वर्मा, सुधीर फडके, वसंतराव देशपांडे आणि मधे मधे त्यांच्या जुन्या कॅसेटवरून मीच कॉम्प्युटरवर उतरवून दिलेली काही रेकॉर्डिंग्ज. गाडीतला प्लेअर एमपी३ वाचत नव्हता, त्याला साधी ऑडिओ सीडीच लागायची. मी नुकताच लिनक्सवर गेलो होतो आणि दिसेल ते काम कमांड लाइनवर करायची खाज होती. म्हटलं, बाबा, एका ओळीत करून देतो :-)

एका ओळीत अर्थातच झालं नाही. प्लेलिस्टची एम३यू फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत गाण्याच्या फाइलचा पत्ता, आणि त्याच्या वरच्या ओळीत # लावून गाण्याचं नाव आणि लांबी सेकंदांत. बस्स, गाणं त्यात कुठेच नसतं. फाइल विंडोजवर केलेली, त्यामुळे पत्त्यांत उलट्या तिरक्या रेघा आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर. लिनक्स म्हणतं, अशी फाइलच नाही. डोळ्यांना तर दिसतेय! ते अक्षर टीआर कमांडने काढायचं हे कळायला माझी अर्धी रात्र गेली. नावांत स्पेस असली तर अवतरणचिन्हं हवीत, ही दुसरी अर्धी.

पुढचं तसं सरळ होतं. ग्रेपने # च्या ओळी गाळायच्या. उरलेल्या ओळी एकेक वाचत प्रत्येक गाण्याची वेव्ह फाइल करायची: सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनल. नावं ०१, ०२ अशी द्यायची, नाहीतर १ नंतर १० लागतं आणि २ मागे पडतं. नॉर्मलाइझ चालवून सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणायचा, कारण कॅसेटवरून घेतलेलं गाणं कुजबुजतं आणि पुढचं एकदम अंगावर येतं. शेवटी वोडिमला सांगायचं की ही ऑडिओ आहे, आणि सगळी डिस्क एका दमात लिही.

अडचण एकच होती. सीडी ८० मिनिटांची, म्हणजे ४,८०० सेकंद. # च्या ओळींतल्या सेकंदांची ऑकने बेरीज केली, तर सतरा गाण्यांपर्यंतच बसत होतं. मी काय केलं? हेड -१७. पहिल्या सतरा ओळी घेतल्या, बाकीच्या सोडल्या. बाबांना सांगितलं, उरलेली पाच दुसऱ्या सीडीवर देतो. ते म्हणाले, "सावकाश दे रे, घाई नाही."

२०११ मध्ये त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले.

परवा जुन्या ईमेलमध्ये ती एम३यू फाइल मिळाली. सगळ्या बावीस ओळी शाबूत. सीडी ड्राइव्हला घातली आणि सीडीपॅरानोइया लावला. डेटा सीडीच्या २,३५२ बाइटांच्या सेक्टरमध्ये डेटा असतो २,०४८ बाइट, बाकी जागा मुख्यतः जादा चूक-दुरुस्तीसाठी. ऑडिओत ती सगळी जागा आवाजच खातो. म्हणून चरा पडलेली ऑडिओ सीडी पुन्हा पुन्हा वाचून ताळा करणारा असा चिवट प्रोग्रॅम लागतो. दोन तास घेतले त्याने, पण सतराही गाणी आली. ती फ्लॅकमध्ये ठेवली, दोन ठिकाणी.

उरलेल्या पाचांपैकी चार बाजारात मिळणारी होती, मिळाली. एकविसावी ओळ मात्र कॉलनीच्या गणेशोत्सवातली. बाबांच्या मित्राने म्हटलेलं नाट्यपद, पेटीवर स्वतः बाबा. मूळ कॅसेट कधीच रद्दीत गेली. प्लेलिस्ट सांगते की ते गाणं ४८७ सेकंदांचं होतं. एवढंच सांगते.

तर माझं म्हणणं असं की प्लेलिस्ट म्हणजे गाणी नव्हेत, गाण्यांचे पत्ते. घर पडलं तरी पत्ता वहीत राहतोच की. आज फोनवर आपण ज्या याद्या करतो त्यांची गत याहून वेगळी नाही. तिथे तर घरही आपलं नसतं. मालकाचा करार संपला की गाणं करडं होऊन बसतं. नवी गाणी ऐकायला ही सोय उत्तमच आहे, मीही रोज वापरतो. पण जे दुसऱ्या कोणाकडे नाही, ते यादीत घालून सुटका होत नाही. त्याची प्रत काढावी लागते, आणि ती आपल्यालाच काढावी लागते.

कमांड लाइन मला आवडते तीही यासाठीच. सुंदर खिडकीत 'बर्न'चं बटण दाबलं की यादी आणि गाणी यांतला फरक लपतो. इथे तो हाताने पार करावा लागतो. पण कमांड लाइन शहाणपण देत नाही हेही खरं. मी सांगितलं हेड -१७, तिने मुकाट्याने सतरा दिल्या. उरलेल्या पाचांचं काय, हे विचारणं तिचं काम नव्हतं.

असो. रविवारी आईच्या जुन्या प्लेअरसाठी दोन सीडी राइट केल्या. एकीवर सतरा, दुसरीवर चार. दुसरीवर भरपूर जागा उरलीय. आई म्हणाली, "राहू दे तशीच."

ता.क. घरात कॅसेट असतील तर या शनिवारी काढा. बावीसच्या बावीस.