मान्यता नसलेली पदवी

मुलाला खासगी विद्यापीठात घालताना पालक प्रथम मान्यतेची चौकशी करतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्यास महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्यास सरकारी मान्यता नव्हती. शिक्षण मातृभाषेतून, पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. कुलपती डॉ. भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात मुली अवघ्या चार-पाच!

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली व त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठास लाभले. बँकेतील सवयीमुळे माझी नजर या आकड्यावर खिळते खरी; तथापि त्याआधीची चार वर्षे मला अधिक मोलाची वाटतात. कोणतेही तारण नसताना काही घरांनी केवळ कर्व्यांच्या शब्दावर आपल्या मुली तेथे धाडल्या.

विद्यापीठास कायद्याचा दर्जा मिळाला तो १९५१ मध्ये. कर्वे तेव्हा नव्वदी ओलांडून गेले होते. पहिल्या वर्गातील त्या मुलीही पन्नाशीला पोहोचल्या असतील.